जवळची बाजू

"माझ्या वडिलांना घोड्याने मारलं की माझ्या नवऱ्याने, एवढंच मला सोमवारच्या आत कळायला हवं," जूडिथ टिझार्ड म्हणाली.

पर्सी वेअर तेव्हा चहा ओतत होता. त्याने कप भरला, मग बशीही भरली. एकोणचाळीस वर्षं पोस्टात शिक्के मारून निवृत्त झाल्यावर तो डोर्कस हॅनफर्डच्या खाजगी तपासाच्या कचेरीत येऊन बसू लागला होता. हरवलेले कुत्रे आणि पळालेले नवरे यांच्या खूप कहाण्या त्याने तिथे ऐकल्या होत्या. सकाळी साडेनऊला असं वाक्य मात्र प्रथमच कानावर पडत होतं.

"सोमवारीच का?" डोर्कसने विचारलं. ती साठीची, जाडजूड बाई. गाडीवानाची मुलगी असल्याचं ती लपवत नसे आणि मिरवतही नसे.

"सोमवारी मृत्यूची चौकशी आहे. बाबा शेवटी काय बोलले ते शपथेवर सांगावं लागेल. पोलिसांना मी सांगितलं नाही. मी म्हटलं, ते बोलण्याच्या अवस्थेत नव्हते." जूडिथने हातमोजे काढले, पुन्हा घातले. "खोटं बोलले मी."

मग तिने सांगितलं ते असं. ती वाढली ब्रिस्टलला, मावशीकडे. आईवडील विभक्त झाले तेव्हा ती वर्षाची होती. वडील, सायलस बग्लर, हे नेदरकूम गावच्या हवेलीचे थोरले मोतद्दार, घोड्यांची निगा राखणारे. दोन वर्षांपूर्वी एका दवाखान्यातून तिला पत्र आलं तेव्हा ती त्यांना पहिल्यांदा भेटली. ते सारखे त्या तबेल्याबद्दल बोलायचे. हवेली कधीच पडून गेली होती; हबर्ट स्टिकलँड नावाच्या गवंड्याने तबेल्याचं घर करून विकायला काढलं होतं. जूडिथने आणि तिच्या नवऱ्याने, रोलंडने, ते घेतलं. बाप आपल्या जागी परत आला.

"आणि गेल्या हिवाळ्यापासून घोडा ऐकू यायला लागला," ती म्हणाली. "टापा आपटल्यासारखा आवाज. दुपारच्या चहाला थोडा. रविवारी जेवायला बसलो की आपटतच राहतो. गावात सगळ्यांना माहीत आहे. पिल्ग्रिम नावाचा करडा घोडा होता, त्याने एका मोतद्दाराला लाथेने मारलं, म्हणून घोड्याला त्याच ठाणात गोळी घातली. बाबांना विचारलं तर हसायचे. म्हणायचे, त्याची वेळ झाली."

"आता ते गेले त्या दिवसाचं सांगा."

"गेल्या शनिवारी मी आणि माझी मुलगी क्लेमी, चर्चच्या हॉलमध्ये मुरंब्यांच्या विक्रीला होतो. परत येताना चर्चच्या घड्याळात चार वीस झाले होते. तिथल्या गल्लीत आम्हाला टापा ऐकू आल्या. नेहमीच्या नाहीत. भराभर, कडक. टक टक टक, मग जरा थांबून पुन्हा." तिने टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं. "मी धावत सुटले. अंगणात स्टिकलँड उभा होता, म्हणाला, आत येऊ नका, मीही आत्ताच आलोय, टापा ऐकून आत गेलो. बाबा त्यांच्या खुर्चीपाशी पडले होते. खांद्यावर आणि डोक्यावर जखम, वाटोळी, मधे बोटभर कोरी जागा. नालेसारखी. त्याने आपल्या कोटाची घडी करून डोक्याखाली ठेवली होती. मी ती सारखी करायला गेले तर रक्त वाळून कोट केसांना चिकटला होता."

"शुद्धीत होते?"

"होते. म्हणाले, 'जवळच्याने केलं.' दोनदा. मग उजवा हात उचलला, आणि म्हणाले, 'पलीकडचा अजून आहे.' त्याच वेळी उजवीकडच्या दारातून रोलंड आत आला. हात त्याच्याकडे होता." जूडिथ थांबली. "जवळचा म्हणजे घरचाच ना? त्या सकाळी त्या दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. स्टिकलँडनेही ऐकलं ते शब्द. म्हणाला, मी कुणाला बोलणार नाही. फार भला माणूस. रविवारी येऊन ती खोली त्याने स्वतः धुतली, रंगवली, मला बघावं लागू नये म्हणून."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"गव्हाणीच्या दगडावर पडून लागलं असावं. अर्धा तास रक्त जात होतं. पहिल्या दहा मिनिटांत कुणी डॉक्टरला बोलावलं असतं तर वाचले असते." तिने चहा तसाच ठेवला. "मिस हॅनफर्ड, सहा रात्री मी त्या माणसाच्या शेजारी झोपतेय आणि त्याच्याकडे पाठ करायला घाबरतेय. तो फार चांगला आहे माझ्याशी. ते आणखीच वाईट."

*

पर्सीची गाडी जुनी होती आणि तो तिला म्हाताऱ्या मावशीसारखा जपायचा. अर्ध्या वाटेत तो कुरकुरायला लागला.

"जवळच्या बाजूचं पुढचं चाक खडखडतंय. ऐकतेस ना?"

"मला तुझेच दात ऐकू येतायत. पडदा लावून घे तोंडाला."

त्याने गाडी थांबवली, उतरून डावीकडे गेला, चाकाला एक लाथ घातली आणि समाधानाने परत येऊन बसला. नोव्हेंबरचं आभाळ शेतांवर टेकलं होतं. जूडिथची गाडी पुढे होती.

तबेला पाहिल्यावर पर्सीचं बोलणं आपोआप बंद झालं. एका रांगेत पाच ठाणं, त्यांच्या आता खोल्या. दारं अजून अर्धी-अर्धी, वरचा भाग उघडला की घोड्याने मान बाहेर काढावी तशी. मधे कमान, तिच्यावर लाकडी मनोरा, आणि मनोऱ्यावर घड्याळाची गोल तबकडी. काटे नव्हते. निम्मी तबकडी वेलीने गिळली होती. दमट हवेत दगडातून घोड्याच्या घामाचा वास येत होता, चाळीस वर्षं तिथे घोडा नसताना. पर्सीला इथे राहायची कल्पनाही सहन होईना.

दाराशी लहान मुलीचे रबरी बूट होते. एकावर खडूने 'ज' लिहिलं होतं, दुसऱ्यावर 'प'.

"ही कुणाची नावं?" पर्सीने विचारलं.

"बाबांनी लिहिलं ते," जूडिथ म्हणाली. "क्लेमी नेहमी उलटे बूट घालायची. काय लिहिलंय ते मला माहीत नाही, पण त्यानंतर तिचं कधी चुकलं नाही."

डोर्कसने बूट उचलून पाहिले आणि खाली ठेवले.

वडिलांची खोली म्हणजे शेवटचं ठाण होतं. दगडी गव्हाण तशीच होती. खिडकी एकच, उत्तरेची. छत फळ्यांचं, पाइपच्या धुराने पिवळं पडलेलं. फक्त डाव्या कोपऱ्यात चौकोनभर पांढरंशुभ्र.

"खुर्ची त्या कोपऱ्यात असायची," जूडिथ म्हणाली. "मला ती जागा बघवत नाही, म्हणून उजवीकडे सरकवली."

खुर्चीत सात वर्षांची मुलगी पाय पोटाशी घेऊन बसली होती. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"आवाज करू नका. तो जेवतोय."

"कोण?" डोर्कसने विचारलं.

"पिल्ग्रिम. आजोबा गेल्यापासून पाय आपटत नाही. पण जेवतो. मी रोज येऊन ऐकते."

"शनिवारपासून एकदाही आपटला नाही?"

क्लेमीने मान हलवली. जूडिथ भिंतीकडे बघत हळूच म्हणाली, "गावात म्हणतात, ज्याच्यासाठी आला होता तो मिळाला त्याला."

पर्सीने कान दिला. आधी काहीच नव्हतं. मग वरून की भिंतीतून कुठून तरी, अगदी बारीक, संथ, न चुकता: कर्र, कर्र, कर्र. कुणीतरी सुकं गवत सावकाश चावत होतं. आपण म्हातारे असून भुताला घाबरलो याची त्याला लाज वाटली, पण घाबरला तो खराच.

डोर्कस मात्र छताकडे बघत होती.

*

रोलंड टिझार्ड शाळेत भूगोल शिकवायचा. उंच, वाकलेला माणूस. सहा दिवसांत दाढी केली नव्हती.

"बायकोने मला काही विचारलेलं नाही," तो स्वयंपाकघरात म्हणाला. "पण मी खोलीत आलो की ती उठून जाते. मला कळतं."

"भांडण कशावरून झालं?"

"दर शनिवारी म्हातारबाबा माळ्यावर चढायचे. हृदयाचा आजार, आणि ती उभी शिडी. मी म्हटलं, पुन्हा चढताना दिसलात तर तुम्हाला गावच्या वृद्धाश्रमात ठेवीन. कुठून बोललो असं झालंय मला."

"वर काय करायचे?"

रोलंडने चेहऱ्यावरून हात फिरवला. "म्हणायचे, जनावराला चारा घालून येतो. आठ दिवसांचा एकदम. आम्हाला वाटलं, डोकं फिरायला लागलंय. कधीकधी मला वाटायचं, खरंच वर काहीतरी आहे."

"त्या शनिवारी चढले होते?"

"साडेतीनला. मी रागाने बाहेर पडलो, टेकडीवर गेलो. एकटाच. कुणी पाहिलं नाही." तो कोरडं हसला. "साक्षीदार म्हणून मेंढ्या आहेत."

"तुम्ही वर कधी गेलात?"

"कधीच नाही. स्टिकलँडने सांगितलं, माळा रिकामा आहे पण फळ्या कुजक्या आहेत, वर जाऊ नका. उद्या येऊन तो माळ्याचं दार कायमचं बंद करून देणार आहे. आपण होऊनच म्हणाला."

पर्सीला हा माणूस आवडला, म्हणून त्याने त्याच्यावर जास्तच संशय घेतला. बाहेर पडल्यावर तो डोर्कसला म्हणाला, "घरचा माणूस, भांडण, साक्षीदार नाही. आणि म्हातारा स्वतः म्हणाला, जवळच्याने केलं. मला तरी दुसरं काही दिसत नाही."

"तुला चाकसुद्धा लाथ मारल्याशिवाय दिसत नाही," डोर्कस म्हणाली.

*

शेजारच्या झोपडीवजा घरात मिस प्राउस राहायच्या. तरुणपणी त्या हवेलीत शिवणकाम करायच्या. त्यांनी पाहुण्यांना बसायला सांगितलं नाही.

"तबेल्यात माणसं झोपतात," त्या म्हणाल्या. "जनावराची जागा घेतली की जनावर परत येणारच. मध्यरात्री तर पिल्ग्रिम ऐकवत नाही. मी उशी कानावर घेते."

"शनिवारी चार वाजता तुम्ही कुठे होता?"

"फाटकाशी. चारच्या बसने बहिणीकडे जायचं होतं, आणि त्या स्टिकलँडची गाडी पावणेचारपासून माझ्या फाटकाला आडवी लावलेली. सायकल बाहेर निघेना. तो मागच्या अंगणात पन्हळ बघत होता. मी उभी राहून त्याला बोल बोल बोलले, पण त्याने कान बहिरे केले होते."

"घोडा ऐकलात?"

मिस प्राउसनी शाल घट्ट ओढली. "ऐकला. चारला नेहमी चार टापा मारतो. त्या दिवशी एकच मारली. एवढी मोठी की फाटक थरथरलं. मी आत जाऊन कडी लावली. पुढचं मला ठाऊक नाही."

त्यांचा आवाज कापत होता आणि त्या खोटं बोलत नव्हत्या, हे पर्सीलाही कळलं.

*

हबर्ट स्टिकलँड आपल्या अंगणात विटा रचत होता. तांबूस चेहऱ्याचा, मोठ्या हातांचा माणूस. त्याने टोपी काढली.

"बिचाऱ्या जूडिथबाई. काय मदत लागेल ती सांगा. सायलसला मी लहानपणापासून ओळखायचो. त्यानेच मला घोड्यावर बसवलं पहिल्यांदा."

"तुम्ही तिथे किती वाजता पोचलात?"

"चार वीसला. गाडीतून उतरतोय तोच टापा ऐकल्या. मी काही भुताखेताला मानणारा नव्हे, बाई, पण हातपाय गार पडले. आत गेलो तर तो पडलेला. लगेच जूडिथबाई आल्या."

"घड्याळाचं काय केलंत, घर बांधताना?"

"कुठलं? वरचं? ते केव्हाच गेलं. यंत्र भंगारात, घंटा चर्चला. तसा कागद दिलाय मी घर विकताना. रिकामा सांगाडा आहे." त्याने हातातली वीट उगाचच उलटीपालटी केली. "वर जाऊ नका हं. फळ्या कुजल्यात."

"सायलस मरताना काय बोलला ते तुम्ही ऐकलंत म्हणे."

स्टिकलँडने मान खाली घातली. "ते माझ्याबरोबरच जाईल. घरातली गोष्ट घरात राहावी. रोलंड वाईट माणूस नाही, रागाच्या भरात काय होईल सांगता येत नाही."

"तुम्ही नेदरकूमचेच?"

"तीन पिढ्या. आजोबा हवेलीचे कोचमन होते."

डोर्कसने त्याचे आभार मानले. "साडेतीनला तबेल्यावर या. सगळ्यांसमोर बोलून टाकू, म्हणजे सोमवारी कुणाचं काही वेगळं व्हायला नको."

वळण संपेपर्यंत ती नेहमीच्या चालीने चालली. मग चक्क पळायला लागली. साठीच्या त्या जाडजूड बाईला पळताना पर्सीने कधी पाहिलं नव्हतं. तो धापा टाकत मागे गेला. डोर्कस थेट शेवटच्या ठाणात शिरली, क्लेमीला खुर्चीतून उचललं आणि कडेवर घेऊन दारापर्यंत आली.

"चल बाळ, मला स्वयंपाकघर दाखव. केक कुठे ठेवतात ते तुला माहीत असेलच."

मग ती परत आली, दाराशी पडलेल्या एका काठीच्या टोकाने खुर्ची ओढून दाराशी घेतली आणि पर्सीला म्हणाली, "खोलीच्या आतल्या अर्ध्या भागात कुणी पाय ठेवायचा नाही. तूही नाही."

*

साडेतीनला सगळे त्या खोलीत, दाराजवळच्या भागात बसले. उजेड जायला लागला होता. क्लेमी मिस प्राउसकडे होती. रोलंडने डोर्कसच्या सांगण्यावरून हवालदाराला फोन केला होता, आणि तो येऊन कमानीखाली थांबला होता. जूडिथ आणि रोलंड एका बाकावर होते, दोघांमध्ये एका माणसाची जागा सोडून. स्टिकलँड भिंतीला टेकून उभा होता.

"आधी घोडा," डोर्कस म्हणाली. "दुपारच्या चहाला थोडा आपटतो. रविवारी जेवायच्या वेळेला आपटतच राहतो. मध्यरात्री ऐकवत नाही. मिस प्राउस सांगतात, चारला चार टापा. पाय मोजून आपटणारा घोडा मी आजवर पाहिलेला नाही. चारला चार आणि बाराला बारा कोण वाजवतं, पर्सी?"

पर्सीच्या तोंडातून शब्द निसटला. "घड्याळ."

"घंटा नेली, पण यंत्र आणि हातोडा तिथेच राहिला. घंटेऐवजी तो तुळईवर पडतो. सायलस बग्लरने तीस वर्षं दर शनिवारी त्या घड्याळाला किल्ली दिली होती. घरी परत आल्यावर पुन्हा द्यायला लागला. आठ दिवसांची एकदम. जनावराला चारा घालून येतो म्हणायचा, ते हेच."

रोलंडने डोळे मिटून घेतले.

"अशा घड्याळाला दोन वजनं असतात, दोन दोरांना टांगलेली. एक वेळ चालवतं, दुसरं ठोके देतं. दर शनिवारी ती वर चढवायची. या शनिवारी साडेतीनला सायलसने ती पार वर चढवली आणि खाली येऊन खुर्चीत बसला. चारला ठोके द्यायला यंत्राने हिसका दिला आणि चाळीस वर्षांचा जुना दोर तुटला. वजन माळ्यावरून छतावर पडलं. त्या जागी पातळ तक्ता ठोकलेला होता; तो उखडून वजन थेट सायलसवर आदळलं. म्हणून मिस प्राउसना चार टापांऐवजी एकच ऐकू आली, फाटक हलवणारी. आणि म्हणून त्या दिवसापासून घोडा आपटत नाही, पण जेवतो. ठोक्यांचं वजन गेलं. वेळेचं अजून चालू आहे."

तिने वर बोट केलं, आणि सगळ्यांना ते ऐकू आलं. कर्र, कर्र, कर्र.

"खोटं आहे," स्टिकलँड म्हणाला. "वर काही नाही."

"पर्सी, माळ्यावर जा. भिंतीच्या कडेकडेने. दोरांना हात लावू नकोस."

पर्सीला शिडीची भीती वाटत होती. तरी तो गेला. माळ्यावर त्याने टॉर्च लावला, आणि खाली त्याचा आवाज फळ्यांतून घुमत आला. "यंत्र आहे. चालू आहे. दोन दोर आहेत, एक तुटलेला. दुसऱ्याला लोखंडी चकत्या टांगल्यात, पाच. वाटोळ्या, आणि प्रत्येकीला कडेपासून मधोमध एक चीर." तो थांबला. "नालेसारख्या दिसतात गं."

जूडिथने तोंडावर हात दाबला.

"तशाच पाच चकत्या इथे खाली पडल्या होत्या," डोर्कस म्हणाली. "त्या गेल्या कुठे? स्टिकलँड, तू चार वीसला आलास म्हणतोस. तुझी गाडी पावणेचारपासून मिस प्राउसच्या फाटकाला आडवी होती. धडाका झाला तेव्हा तू मागच्या अंगणात होतास, वीस पावलांवर. आत आलास. वर बघितलंस आणि तुला कळलं काय झालं ते, कारण वजनं काढली असा कागद तूच दिला होतास, आणि त्यांच्याखाली तक्ता ठोकून माणसं राहायला आणली होतीस."

"तो गेला होता. मी आलो तेव्हाच गेलेला होता."

"मेलेल्या माणसाच्या डोक्याखाली कुणी कोटाची घडी ठेवतं? तू ठेवलीस, चार वाजताच. म्हणून जूडिथने हात लावला तेव्हा रक्त वाळून कोट केसांना चिकटला होता. तो जिवंत आहे हे तुला माहीत होतं. मग तू एकेक चकती गाडीत नेऊन ठेवलीस, पाच खेपा. मग शिडी आणलीस, तक्ता पुन्हा वर लावलास आणि खिळे ठोकलेस. टक टक टक, मग जरा थांबून पुन्हा. चर्चच्या गल्लीत जूडिथने ऐकल्या त्या टापा. खाली तो तुझ्याकडे बघत पडला होता आणि तू त्याच्या डोक्यावर खिळे ठोकत होतास."

स्टिकलँडचे मोठे हात मांड्यांवर लोंबत राहिले. "काही मिनिटांचं काम होतं," तो पुटपुटला. "मग जाणारच होतो डॉक्टरकडे. आवरून जाणार होतो."

"रविवारी त्या तक्त्याला रंग दिलास. खोली रंगवली म्हणतात सगळे, पण पांढरा चौकोन तेवढाच आहे, बाकी छत पिवळं. आणि उद्या माळा कायमचा बंद करणार होतास."

जूडिथ उठून उभी राहिली. ती स्टिकलँडकडे बघतही नव्हती. "मग बाबा काय म्हणाले? जवळच्याने केलं. मी माझ्या कानांनी ऐकलं."

"बरोबर ऐकलंत," डोर्कस म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला. "पण तुम्ही ब्रिस्टलला वाढलात. घोडेवाले डावं-उजवं म्हणत नाहीत. घोड्याची डावी बाजू ती जवळची, उजवी ती पलीकडची. माझा बाप आम्हाला जेवायला वाढतानासुद्धा म्हणायचा, पलीकडच्या हाताने खा. तुमच्या वडिलांनी क्लेमीच्या बुटांवर तेच लिहून ठेवलंय. 'ज' आणि 'प'."

"मी पण सकाळी तेच म्हटलं," पर्सी शिडीवरून उतरता उतरता म्हणाला. "जवळच्या बाजूचं चाक. सगळ्या गाड्यांना म्हणतात तसं. मी स्वतःच म्हटलं आणि मला कळलं नाही."

"जवळच्याने केलं. डाव्या वजनाने. तो कुणाचं नाव घेत नव्हता. मग त्याने उजवा हात वर केला आणि म्हणाला..."

"पलीकडचा अजून आहे," जूडिथ म्हणाली.

सगळ्यांची नजर छताच्या उजव्या बाजूला गेली. तिथे खाली, सकाळपर्यंत, खुर्ची होती.

"मरताना तो नातीची काळजी करत होता," डोर्कस म्हणाली. "दुसरं पडायच्या आत कुणीतरी काढा, एवढंच सांगत होता. तुम्हाला त्याची भाषा येत नव्हती, त्यात तुमचा दोष नाही. पण खोलीत एक माणूस होता ज्याला ती येत होती. कोचमनचा नातू. त्याने ऐकलं, त्याला कळलं, आणि त्याने तुम्हाला तुमच्या नवऱ्यावर संशय घेऊ दिला. सहा दिवस ती मुलगी त्या वजनाखाली बसत होती."

"खुर्ची हलवली हे मला माहीत नव्हतं," स्टिकलँड म्हणाला. "देवाशपथ. ती तिथे बसते हे माहीत असतं तर..."

रोलंड त्याच्या दिशेने एक पाऊल गेला आणि थांबला. हवालदार आत आला, त्याने स्टिकलँडच्या दंडाला धरलं, आणि दोघं कमानीखालून निघून गेले.

रोलंड आणि पर्सीने माळ्यावर जाऊन, दोर बांधून, एकेक चकती खाली उतरवली. पाचवी निघाली तेव्हा चार वाजायला थोडा अवकाश होता. कर्र, कर्र चालू होतं ते मंद झालं आणि थांबलं. घर एकदम इतकं रिकामं वाटलं की पर्सीला उगाचच वाईट वाटलं. सकाळी जे ऐकून तो घाबरला होता, ते आता ऐकू यावंसं वाटत होतं.

क्लेमी परत आली आणि तिने कान दिला.

"पिल्ग्रिम गेला?"

"चारा संपला त्याचा," रोलंड म्हणाला. "नवे दोर आणू. मग मी घालीन दर शनिवारी. तू मोजायचं."

जूडिथ दाराशी जमिनीवर बसली होती. तिने क्लेमीला जवळ ओढलं आणि बूट घालायला घेतले. खडू पुसट झाला होता. ती बराच वेळ त्या दोन अक्षरांकडे बघत राहिली. मग तिने मान वर करून रोलंडकडे पाहिलं, सहा दिवसांत पहिल्यांदा नीट, आणि आपल्या डावीकडची फरशी हाताने थोपटली.

"इथे बस," ती म्हणाली. "जवळच्या बाजूला."

रोलंड बसला. तिने आधी डावा बूट उचलला.